माझं मी जेवणार!
दीड वर्षाचं मूल तुमच्या हातातला चमचा ओढून घेतं ना, तेव्हा तो त्याला जरूर द्या. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भाताचं शीत उचलू लागतं. दीड वर्षाच्या आसपास चमचा तोंडापर्यंत पोचतो, पण मनगट अजून नीट वळत नाही, म्हणून वरण सांडतं. सांडू द्या! खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, वरणभात जरा घट्ट कालवा, म्हणजे चमच्यात टिकेल. सकाळच्या घाईत आपणच भरवतो, समजू शकते. पण दिवसातलं एक जेवण तरी त्याच्यावर सोपवा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र नकोत, घशात अडकतात. जेवताना जवळच बसा. पोट भरलं की मूल मान फिरवतं. मग घास घेऊन मागे धावू नका.