डब्यांतलें दूध आणि घरची बर्फी

परभणीहून औंढा नागनाथाकडे निघालेल्या यात्रेकरूच्या वाटेवर जवळा बाजार लागतो. महाशिवरात्रीस ज्योतिर्लिंगाचें दर्शन घेऊन परतणारी आप्तमंडळी दिवेलागणीस त्या गांवीं एखाद्या घरीं टेकली, म्हणजे गृहिणीपुढें एक प्रश्न उभा राहतो. मंडळी उपवासाची. साबुदाणा, भगर हें सकाळींच झालेलें असतें. आतां पाहुण्यांच्या हातावर गोड कांहीं ठेवावें, तर काय? खव्याची बर्फी पुष्कळ घरीं उपवासास चालते. पण खवा आणावा कोठून?

घरीं आटवावा म्हटलें, तर एक लिटर म्हशीच्या दुधाचा खवा उतरतो तो पाव किलोच्या आंतबाहेर. किलोभर बर्फी हवी असेल, तर तीन-साडेतीन लिटर दूध आणि चुलीपाशीं दोन तासांचें उभें राहणें आलें. बाजारचा खवा घ्यावा, तर सणावारीं मागणी वाढते आणि म्हशी कांहीं जास्त दूध देत नाहींत. त्या दोहोंतलें अंतर कित्येकदां पिठानें भरून निघतें. चिमूटभर खवा पाण्यांत उकळावा, निवूं द्यावा आणि त्यांत आयोडिनचा एक थेंब टाकावा. रंग निळा झाला, तर त्यांत पिष्ट मिसळलें आहे असें खुशाल समजावें.

या अडचणीवर उतारा वाण्याच्या दुकानांत डब्यांत बंद होऊन बसला आहे. १८५६ सालीं अमेरिकेंत गेल बोर्डेन यानें निर्वात पात्रांत दूध आटविण्याचें पेटंट मिळविलें. हवेचा दाब कमी केला, कीं दूध कमी उष्णतेस उकळतें आणि बुडाशीं करपत नाहीं. पुढें त्यांत साखर घालून तें टिकाऊ झालें. कढईपाशीं उभें राहण्याचे ते दोन तास कोणी तरी कारखान्यांत आधींच उभें राहून काढले आहेत, इतकेंच.

आतां कृति. डब्यांतलें गोड आटीव दूध ४०० ग्रॅम, दुधाची भुकटी २०० ग्रॅम, साधें दूध अर्धी वाटी, तूप दोन मोठे चमचे आणि वेलदोड्याची पूड. साखर मुळींच घालूं नये. त्या डब्यांत निम्म्याच्या जवळपास साखरच असते. भुकटी प्रथम गार दुधांत कालवून घ्यावी. तापलेल्या दुधांत ती टाकली, कीं तिच्या गुठळ्या होतात आणि मग त्या कांहीं केल्या फुटत नाहींत. जाड बुडाच्या कढईंत तूप, कालवलेली भुकटी आणि आटीव दूध एकत्र करावें, मंद आंचेवर ठेवावें आणि उलथन्यानें तळ खरवडत राहावें.

दहा-बारा मिनिटांत मिश्रण कढईच्या कडा सोडूं लागतें. संकट येतें तें नेमकें येथें. आतां झालेंच, म्हणून गृहिणी पाट मांडावयास वळते, आणि तेवढ्यांत तळ लागतो. डब्यानें दोन तास वांचविले खरे, पण हीं शेवटचीं पांच मिनिटें कोणताही डबा वांचवीत नाहीं. मिश्रणाची कणभर गोळी गार करून बोटांत वळावी. ती चिकटली नाहीं, कीं कढई तत्काळ उतरावी. वेलदोडा तेव्हां घालावा, आधीं घातल्यास त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो.

जुन्या रीतीच्या बर्फीस गोळीबंद पाक लागतो, सुमारें ११५ अंश सेंटिग्रेड उष्णतेचा. तो हुकला कीं वडी पडत नाहीं. येथें पाकाची कटकटच नाहीं. अमेरिकेंतील फज नांवाची वडी याच पाकाची बहीण. १८८६ सालीं ती बाल्टिमोर येथें ४० सेंटांस पौंड विकली जात होती, आणि १८८८ सालीं वासर कॉलेजांतील एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीनें ३० पौंड फज करून तें लोकप्रिय केलें. फजचा पाक न ढवळतां कोमट होऊं देतात आणि मगच घोटतात. त्यामुळें साखरेचे कण बारीक राहून वडी लुसलुशीत होते. मराठी जिभेस मात्र बर्फी थोडी रवाळच हवी असते.

घरांतील वडील बायका ही बर्फी खरी नव्हे म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. खव्याचा खमंगपणा हिला येत नाहीं. भुकटी कच्ची राहिली, तर तिचा वासही मागें राहतो. म्हणून तूप घालतांना हात आंखडूं नये.

तूप लावलेल्या ताटांत मिश्रण ओतून वाटीच्या बुडानें थापावें आणि कोमट असतांनाच वड्या कापाव्या. वडी सैल राहिली, तर सारें पुन्हां कढईंत घालून थोडें आटवावें. भुगा झाला, तर दोन चमचे दूध शिंपडून मंद आंचेवर घोटून घ्यावें. शिवरात्रीच्या सुमारास मराठवाड्यांत ऊन तापूं लागलेलें असतें, तेव्हां उरलेल्या वड्या फडताळांत न ठेवतां थंड जागीं ठेवाव्या.