आधी वस्त्र, मग उपदेश
(वर्धापनदिनी विहारात झालेले भाषण)



जुन्नर-आंबेगावच्या आपल्या वस्त्यांत कुणाला टायफॉईड झाला की शेजारी डबा घेऊन येतात. डोक्याचा आजार झाला की तेच शेजारी वाट बदलतात. 'बाहेरचं लागलंय' म्हणतात. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला, तरी काही घरांत अंगारा-धुपारा चालूच आहे. आम्ही हा आजार घरात सांभाळणारी माणसं आहोत, म्हणून बोलतो.

श्रावस्तीच्या पटाचारेची कथा आपण ऐकतो. नवरा, दोन लेकरं, आईबाप, भाऊ एकापाठोपाठ गेले. ती भान हरपून उघडीवाघडी फिरू लागली. लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिलं, बहीण म्हणून हाक मारली. कुणीतरी अंगावर वस्त्र टाकलं. उपदेश त्यानंतर झाला. पुढं तीच विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत अग्रगण्य ठरली.

स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्यांचाच संशय येतो. औषधानं बहुतेकांना उतार पडतो. पण जरा बरं वाटलं की गोळ्या बंद होतात आणि काही महिन्यांत आजार उलटतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये.

दुसरं औषध आपल्या जिभेवर आहे. लंडनचे संशोधक जॉर्ज ब्राऊन यांना दिसलं, की टोमणे आणि राग असलेल्या घरात परतलेल्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो. 'नुसता पडून असतो' म्हणतो ना आपण? तो आळस नव्हे, आजारानंच उमेद नेलेली असते. कांदा निवडणं, शेळीला पाला टाकणं, असं झेपेल ते काम द्यावं.

कॅलगरीचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकारानं १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिथं रुग्णांचे घरचे एकत्र बसून बोलतात.

२००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळीनं बांधलेले रुग्ण आगीत जळून मेले. २०१७ च्या कायद्यानं साखळदंडाला बंदी आहे. मार्ग सुचेना तर १४४१६ हा सरकारी 'टेली मानस'चा मोफत नंबर लावा.

बंधूंनो, पुण्याला दवाखान्यात जायचं म्हणजे पहाटेची एस.टी. आणि बुडालेला रोज. ते बहुधा एकटी आईच सोसते. तिच्यासोबत आपल्यातलं एक माणूस जावं, आणि पौर्णिमेच्या वंदनेला त्या आजारी लेकरालाही आपल्या शेजारी बसवावं, एवढंच मागणं आहे.

नमो बुद्धाय, जयभीम!