राल्फ बंच आणि ऱ्होड्सच्या वाटाघाटी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



मुत्सद्दी म्हटला की आपल्या दृष्टीपुढे नाना फडणीस उभे राहतात. आज मी मात्र आपणांस परक्या मुलखातील एका मुत्सद्द्याची हकीकत सांगणार आहे. राल्फ बंच हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय गृहस्थ. बालपणीच पोरके झालेल्या या मुलाला आजीने लॉस एंजेलिस येथे वाढविले. पुढे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून ते परराष्ट्रखात्यात आणि तेथून संयुक्त राष्ट्रसंघात गेले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा जेरुसलेममध्ये खून झाला आणि पॅलेस्टाइनचे निखाऱ्यासारखे काम बंच यांच्या ओंजळीत पडले. जानेवारी १९४९ मध्ये त्यांनी इजिप्त व इस्रायल यांच्या शिष्टमंडळांस ऱ्होड्स बेटावरील एका हॉटेलात आणून उतरविले. छप्पर एक, पण एका मेजाशी बसण्यास इजिप्तचे प्रतिनिधी नाखूश! बंच यांनी घाई केली नाही. प्रत्येक पक्षाशी ते स्वतंत्रपणे बोलत. मुख्य प्रश्नाला हात घालण्यापूर्वी त्यांनी केवळ विषयपत्रिका पुढे ठेवली आणि तिच्यावर उभयतांच्या सह्या घेतल्या. विषयपत्रिकेवर सही कशाला, असे कोणीही विचारील. एकत्र बसण्याची आणि कागदावर सही करण्याची सवय जडावी, हाच त्यातील हेतू होता. लग्नाच्या याद्या करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही युक्ती नवी वाटू नये.

खरी अडचण फालुजाची होती. तेथे इजिप्तची एक ब्रिगेड वेढ्यात सापडली होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नासर त्याच सैन्यात अधिकारी होते. तिची सुटका इजिप्तला मानाची, तर तिला धरून ठेवणे इस्रायलला सोयीचे. अल्-औजा या नाक्याचाही असाच हट्ट. बंच यांनी स्थानिक कारागिरांकडून वाटाघाटींची आठवण म्हणून चिनी मातीच्या ताटल्या करवून घेतल्या होत्या. बोलणी अडताच त्या दाखवून ते म्हणत, करार झाला तर प्रत्येकाला एकेक भेट. न झाला तर तुमच्याच डोक्यांवर फोडीन! अखेर अल्-औजा निर्लष्करी ठरले, ब्रिगेडला वाट मिळाली आणि २४ फेब्रुवारीस सह्या झाल्या. जुलैअखेर लेबानन, जॉर्डन व सीरिया यांचेही करार झाले.

हा तह नव्हे, शस्त्रसंधी होती. आखलेली रेषा राजकीय सीमा मानू नये, असे करारातच लिहिले होते. निर्वासितांचा प्रश्न तसाच राहिला आणि १९५६ व १९६७ साली पुन्हा तोफा धडाडल्या. म्हणून कोणी या कामास ठिगळ म्हणतात. वेढ्यातून जिवंत घरी परतलेल्या शिपायाच्या आईला ते ठिगळ वाटले नसावे, असे मला वाटते.

१९५० साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. पण आपण ज्ञातीच्या मांडवात बसलो आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४९ मध्येच त्यांना परराष्ट्रखात्यातील उच्च पद देऊ केले होते. वॉशिंग्टनमधील वर्णभेद मुलाबाळांच्या वाट्यास नको, म्हणून त्यांनी ते नाकारले. तरीही १९५९ साली न्यूयॉर्कच्या एका नामांकित टेनिस क्लबाने त्यांना व त्यांच्या मुलाला वर्णामुळे प्रवेश नाकारला. गवगवा झाला, क्लबाने माफी मागितली, सभासदत्वही देऊ केले. ही सवलत केवळ माझ्या नावलौकिकासाठी आहे, सर्वांच्या समतेसाठी नव्हे, असे सांगून बंच यांनी ते घेतले नाही.