लाजेचं दुखणं, साखरेचा इशारा

(पॉडकास्टच्या या भागातल्या बोलण्याचा हा मजकूर. बोलीची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय पुरुषांचा आहे, पण घरातल्या बायकांनीही ऐकावा असा आहे. शिश्नाच्या टोकाला होणारी जळजळ, खाज, सूज. डॉक्टर याला बॅलनायटिस म्हणतात. पुढची कातडीही सुजली असेल तर बॅलनोपोस्थायटिस. नाव अवघड असलं तरी दुखणं अगदी नेहमीचं आहे. अवघड आहे ते त्याबद्दल बोलणं.

लक्षणं आधी सांगतो. टोकावर लाली किंवा लाल चट्टे येतात, बारीक पुळ्या येतात. कातडीखाली पांढरट थर साचतो, वास येतो. लघवी करताना चुरचुरतं. काहींच्या कातडीच्या कडेला चिरा पडतात आणि ती मागे घेताना डोळ्यांत पाणी येतं.

आता समजा, पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांना हे झालं. बायकोला सांगायची लाज, फॅमिली डॉक्टर ओळखीचे म्हणून तिथेही लाज. मग रात्री दुकानात गर्दी नाही असं बघून ते मेडिकलमध्ये जातात आणि हळूच म्हणतात, "खाजेचं काहीतरी द्या." हातात एक ट्यूब येते. दोन दिवसांत लाली जाते. पंधरा दिवसांनी परत येते. परत तीच ट्यूब. असं वर्षभर चालतं.

या ट्यूबमध्ये असतं काय? बऱ्याचदा तीन औषधांची मिसळ असते: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर जोरदार स्टिरॉइड. दोन दिवसांत जो आराम पडतो तो मुख्यतः स्टिरॉइडचा. लाली दबते, पण बुरशी आतच राहते. शिवाय तिथली कातडी मुळातच पातळ. जोरदार स्टिरॉइड तिथे फार दिवस लावलं की ती आणखी नाजूक होते. काही वेळा डॉक्टर स्वतः सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस देतात, पण ते बघून आणि मोजून दिलेलं असतं.

आणि यात खरा तोटा वेगळाच आहे. वर्षभर ट्यूब लावणाऱ्या त्या गृहस्थांची साखर कुणी तपासलेलीच नसते.

हा संबंध नीट समजून घ्या. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते. लघवी झाल्यावर दोन-चार थेंब कातडीखाली राहतात. म्हणजे ऊब, ओल आणि साखर एकाच जागी. कॅन्डिडा नावाच्या बुरशीला यापेक्षा चांगलं घर कुठलं मिळणार? काही पुरुषांमध्ये मधुमेहाची पहिली खूण हीच असते. म्हणून असा त्रास झाला, विशेषतः परत परत झाला, तर उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी या दोन तपासण्या करून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेहाची शक्यता मोठी. डॉक्टर गरज वाटली तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

ज्यांना मधुमेह आधीपासून आहे त्यांनी गोळ्यांची नावं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर मुद्दाम लघवीवाटेच बाहेर काढतात. हृदयाला आणि किडनीला त्यांचा चांगला फायदा होतो, पण या जागी बुरशी होण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळी मनानं बंद करू नका. त्रास डॉक्टरांना सांगा.

उपचार बहुतेक वेळा साधा असतो. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोलसारखं साधं मलम, दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे. खाज थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी सोडायचं नाही. पण प्रत्येक लाली बुरशीची नसते. साबणाची अ‍ॅलर्जी, जंतू, सोरायसिस, लैंगिक संसर्ग, काहीही असू शकतं. म्हणून एकदा दाखवणं आलंच. कुणाला? त्वचारोगतज्ज्ञाला. त्यांच्या शिक्षणातच गुप्तरोगांचा भाग असतो. भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्यांकडे जायची गरज नाही. अनेक सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे हे रोज बघितलं जातं आणि कुणी भुवया उंचावत नाही.

आता घरातला प्रश्न. "हे बाहेरून आणलं का?" असा संशय येतो आणि संसारात वितुष्ट येतं. कॅन्डिडा मुळात आपल्याच अंगावर राहणारी बुरशी आहे. ती वाढली हा कुणाच्या चारित्र्याचा पुरावा नाही. बायकोलाही खाज किंवा पांढरं जात असेल तर दोघांनी एकदम उपचार घ्या, आणि बरं होईपर्यंत संबंध टाळा. यातली काही मलमं काँडोमचं रबर कमकुवत करतात, हेही लक्षात असू द्या. मात्र नव्या जोडीदारानंतर फोड, जखम किंवा पू दिसला, तर लैंगिक संसर्गाच्या तपासण्या न लाजता करा.

परत होऊ नये म्हणून काय करायचं? रोज आंघोळीला कातडी हलक्या हातानं मागे घ्या, साध्या कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा आणि कातडी आठवणीनं पुढे आणा. सुवासिक साबण, जंतुनाशक लिक्विड तिथे नको. फार घासूनही हेच दुखणं होतं. लघवीनंतर राहिलेले थेंब टिपा. पावसाळ्यात ओलसर चड्डी घालून दिवस काढू नका. सुती आणि सैल वापरा. मिरची हाताळली असेल, शेतात फवारणी केली असेल, तर लघवीच्या आधी हात धुवा, नंतर तर धुवाच. आणि लहान मुलांची कातडी जोर लावून मागे ओढू नका. ती वयाबरोबर आपोआप सुटते.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजलं, लघवी अडली, किंवा ताप येऊन जांघेत आणि अंडकोषाभोवती जोराचं दुखायला लागलं, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. जखम किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल, कातडी पांढरी आणि कडक होत असेल, तर तुकडा काढून तपासावा लागू शकतो. क्वचित तो कॅन्सर निघतो, आणि लवकर सापडला तर उपचार सोपा जातो.

वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर सुंता सुचवतात. हा शब्द ऐकला की आपल्याकडे धर्म आठवतो. इथे ते फक्त एक छोटं ऑपरेशन आहे, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात.

तर मंडळी, ट्यूब मागण्याआधी साखर तपासा, आणि एकदा डॉक्टरांना दाखवा. ऐकताना कुणी मित्र आठवला असेल तर हा भाग त्याला पाठवा. तो स्वतःहून विचारणार नाही. प्रश्न असतील तर लिहा, नाव नाही घातलंत तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.