दार-उल-इस्लाम, दार-उल-हरब आणि चांद्याची भूमी



‘दार-उल-इस्लाम’ आणि ‘दार-उल-हरब’ हे शब्द सार्वजनिक चर्चेत वारंवार कानी पडतात. ते आले कोठून, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. ही विभागणी कुराणात नाही. खिलाफतीचा विस्तार होत असताना, इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमारास, मुस्लिम विधिवेत्त्यांनी ती बांधली. इस्लामी शासनाखालचा प्रदेश तो पहिला. ज्याच्याशी युद्धस्थिती गृहीत धरली जाई तो दुसरा. शाफिई परंपरेने करार करून खंडणी देणाऱ्या प्रदेशाचा तिसरा वर्गही मानला.

हा शब्दच्छल नव्हे. जुम्म्याची नमाज, व्याजाचा व्यवहार, देशत्यागाचे कर्तव्य अशा प्रश्नांची उत्तरे या वर्गीकरणाशी बांधलेली होती. इस्लामी प्रदेश ‘हरब’ केव्हा ठरतो, यावर हनफी आचार्यांतच मतभेद होता. अबू हनीफांनी तीन अटी घातल्या: इस्लामेतर कायदा चालणे, प्रदेश शत्रुप्रदेशाला लागून असणे आणि पूर्वीचे अभय संपुष्टात येणे. अबू युसुफ आणि मुहंमद शैबानी या त्यांच्या शिष्यांना पहिली एकच अट पुरेशी वाटली.

ही चौकट चांदा-गडचिरोलीच्या अरण्यभूमीवर ठेवून पाहावी. ‘आइन-ए-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाची नोंद आहे, वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचीही आहे. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला, तेव्हा राजाने जबर दंड आणि वार्षिक खंडणी मान्य करून राज्य राखले. शेजारच्या देवगडचा बख्त बुलंद पुढे औरंगजेबाच्या दरबारी मुसलमान झाला. चांद्याची गादी हिंदू परंपरेतच राहिली. ग्रंथांच्या भाषेत चांदा तिसऱ्या वर्गात बसेल. पण मोगली सैन्य घाटाखाली आले ते खजिन्यासाठी, आणि परतले तेही खजिना मिळाल्यावर. शास्त्र काय म्हणते याची वाट राज्यकर्त्यांनी फारशी पाहिलेली दिसत नाही. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले.

पुढे वर्धा नदीच सीमा झाली. बल्लारपूरच्या तीरावर इंग्रजी अंमल, पलीकडे राजुऱ्यात निजामाचा. एकच गोंडी बोली, एकच सागाचे रान आणि मध्ये पाणी. नावेतून उतरणाऱ्या माणसाला आपण कोणत्या ‘दारा’त पाय ठेवला, हे कोणा मुफ्तीने सांगावे?

उत्तरेत हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली. त्यानंतर शाह अब्दुल अझीझ यांनी तेथे ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा हुकूम चालतो, या कारणावरून प्रदेश ‘दार-उल-हरब’ ठरवला. उलट १८७० मध्ये कलकत्त्यात मौलवी करामत अली यांनी हिंदुस्थान ‘दार-उल-इस्लाम’च आहे, असे सांगितले. भूमी तीच, सत्ता तीच, निर्णय परस्परविरुद्ध!

या वादाची किंमत १९२० मध्ये सामान्य माणसाने मोजली. हिजरतीची हाक ऐकून सिंध-सरहद्दीतील हजारो मुसलमानांनी जमिनी मातीमोलाने विकल्या आणि अफगाणिस्तानची वाट धरली. लोंढा पाहून अमीराने दार बंद केले. कित्येक वाटेतच दगावले. परतले ते कफल्लक होऊन. फतवे देणाऱ्यांपैकी किती जण त्या खैबरखिंडीतून चालले, हे विचारण्याजोगे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरील १९४० च्या ग्रंथात या संकल्पनांचा आणि हिजरतीचा परखड विचार केला. तेच बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यात धम्मदीक्षा देण्यासाठी आले होते. दुसऱ्या बाजूस देवबंदच्या मौलाना हुसैन अहमद मदनींनी १९३८ मध्ये मदिनेच्या कराराचा दाखला देत हिंदू-मुसलमानांचे एक राष्ट्र होऊ शकते, असा पक्ष मांडला आणि मुस्लिम लीगचा रोष ओढवून घेतला. या विषयावर बोलणाऱ्याने दोघांचेही लेखन वाचलेले असावे. एकाच बाजूचे वाचून केलेला अभ्यास सभेत टाळ्या मिळवतो, वादात मात्र टिकत नाही.

राजुऱ्याचा प्रश्न कोणत्याही फतव्याने सुटला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि १९५९ मध्ये तो तालुका चांदा जिल्ह्याला जोडला गेला.