एंटेबीची दुसरी बाजू



डिसेंबर १९९९मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला नेण्यात आले आणि मसूद अझरसह तीन अतिरेक्यांना सोडून प्रवाशांची सुटका करून घ्यावी लागली. तेव्हापासून आपल्याकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : त्या जागी इस्रायल असता तर? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असते. इस्रायल दहशतवाद्यांशी बोलत नाही, तो कमांडो पाठवतो. या उत्तरामागचा आदर अनाठायी नाही. परंतु ज्या राष्ट्राचा आदर्श समोर ठेवायचा, त्याचा इतिहास अर्धाच वाचून चालत नाही.

एंटेबीचेच पाहा. २७ जून १९७६ रोजी तेल अवीवहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अथेन्स सोडल्यावर पळवण्यात आले. अपहरणकर्त्यांत दोन पॅलेस्टिनी होते आणि दोन जर्मन. विमान युगांडात, इदी अमीनच्या आश्रयाला उतरले. इस्रायलच्या व इतर देशांच्या तुरुंगांतील ५३ बंदिवानांच्या सुटकेची मागणी पुढे आली. येथवरची कथा सर्वांना ठाऊक असते आणि त्यानंतर एकदम आठवते ते हर्क्युलस विमानांचे रात्रीचे उड्डाण. मधले दिवस विस्मृतीत गेले आहेत. १ जुलै रोजी पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या मंत्रिमंडळाने वाटाघाटींचा निर्णय एकमताने घेतला. विरोधी पक्षनेते मेनाखेम बेगिन यांनीही त्यास पाठिंबा दिला. त्या दिवशी राबिन यांच्यापुढे लष्कराची एकही खात्रीलायक योजना नव्हती. योजना हाती नसताना ताठर भाषा करायची म्हणजे शंभरांवर माणसांचे प्राण आपल्या भाषणासाठी खर्ची घालायचे, हे माजी सेनाप्रमुख असलेल्या राबिन यांना उमगत होते.

त्या निर्णयाने मौल्यवान गोष्ट मिळवून दिली : वेळ. अपहरणकर्त्यांनी मुदत ४ जुलैपर्यंत वाढवली. दरम्यान सोडून दिलेले बिगर-इस्रायली प्रवासी पॅरिसला पोहोचले. ओलीस कोठे आहेत, पहारेकरी किती, हे त्यांच्याकडून कळले. विमानतळाची जुनी इमारत एका इस्रायली कंपनीनेच बांधलेली होती. परतीच्या वाटेवर नैरोबीत इंधनाची सोय झाली. मग ३ जुलैच्या रात्री सुमारे चार हजार किलोमीटरवर जाऊन कमांडोंनी १०२ जणांना सोडवले. तीन ओलीस चकमकीत दगावले. कंपालाच्या रुग्णालयात असलेल्या वृद्ध डोरा ब्लॉक यांची नंतर हत्या झाली. पथकाचे नेतृत्व करणारे योनातान नेतान्याहू यांना वीरमरण आले.

दोनच वर्षांपूर्वी, १५ मे १९७४ रोजी, उत्तर इस्रायलमधील मालोत येथे तीन पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी एका शाळेत मुक्कामाला असलेल्या सहलीच्या विद्यार्थ्यांना ओलीस धरले होते. तेथेही सायेरेत मत्कल हेच पथक घुसले. धैर्य तेच होते, प्रशिक्षणही तेच. बावीस विद्यार्थी मृत्युमुखी पडले. मालोतचे नाव आपल्याकडील व्याख्यानांत सहसा निघत नाही.

पुढचा इतिहास अधिक बोचरा आहे. मे १९८५मध्ये लेबनॉनमध्ये पकडल्या गेलेल्या तीन सैनिकांच्या बदल्यात इस्रायलने ११५० बंदिवान सोडले. तेव्हा संरक्षणमंत्री होते एंटेबीचा आदेश देणारे राबिन. सुटलेल्यांत शेख अहमद यासीन होते. त्यांनी दोन वर्षांनी ‘हमास’ स्थापन केली. (यासीन पुन्हा पकडले गेले आणि १९९७मध्ये पुन्हा सुटले, जॉर्डनमध्ये खालिद मशाल यांच्यावरील विषप्रयोग फसला व मोसादचे हस्तक पकडले गेले, त्याची ती किंमत होती.) ऑक्टोबर २०११मध्ये गिलाद शालित या एका सैनिकासाठी १०२७ जण सोडण्यात आले. निर्णय बेंजामिन नेतान्याहू यांचा, म्हणजे एंटेबीत धारातीर्थी पडलेल्या योनातान यांच्या धाकट्या बंधूंचा. त्या १०२७ जणांत जन्मठेप भोगणारा याह्या सिनवार होता.

हा व्यवहार हमासला एवढा लाभदायक का ठरतो, हेही समजून घेतले पाहिजे. १९६७पासून लष्करी अंमलाखाली राहिलेल्या पॅलेस्टिनी समाजात तुरुंगात गेलेला मुलगा हा घरोघरीचा विषय आहे. त्याला परत आणणाऱ्या संघटनेला जी प्रतिष्ठा मिळते, ती कोणत्याही सभेने मिळत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी सिनवारच्या माणसांनी सुमारे १२०० जणांची हत्या केली आणि २५१ जणांना गाझात नेले. इस्रायलने उत्तरादाखल आरंभलेल्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकडेवारीनुसार, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्यू पावले. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. सिनवारही ऑक्टोबर २०२४मध्ये मारला गेला. सूड, प्रतिकार, शत्रूचे खच्चीकरण, जे म्हणायचे ते म्हणावे. परंतु ओलीस सोडवण्याच्या कसोटीवर हिशेब वेगळा निघतो. लष्करी कारवायांतून जिवंत परतले आठ जण. जून २०२४मध्ये नुसेरात येथून चौघांना सोडवताना २७०हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेल्याचे गाझाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. इस्रायलने शंभराहून कमी सांगितले. डिसेंबर २०२३मध्ये पांढरे कापड दाखवत बाहेर आलेल्या तीन ओलिसांवर इस्रायली सैनिकांनीच चुकून गोळ्या झाडल्या. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस रफाहच्या भुयारात सहा ओलिसांची हमासने हत्या केली. सैन्य जवळ पोहोचत होते, तेव्हाच. जिवंत परतलेले बहुतांश ओलीस नोव्हेंबर २०२३, जानेवारी २०२५ आणि ऑक्टोबर २०२५ या तीन समझोत्यांतून आले.

इस्रायलला याची जाणीव नाही असे नाही. अशा देवाणघेवाणीला मर्यादा घालण्यासाठी २००८मध्ये माजी सरन्यायाधीश मेइर शामगर यांची समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल शालित घरी पोहोचल्यानंतर, जानेवारी २०१२मध्ये सादर झाला आणि बहुतांशी गोपनीयच ठेवला गेला. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी उरलेले वीस जिवंत ओलीस मायदेशी आले, तेव्हा त्यांच्या बदल्यात सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी सोडण्यात आले. त्यांपैकी अडीचशे जण जन्मठेपेसह दीर्घ मुदतीच्या शिक्षा भोगत होते.