रबराखाली गेलेले जंगल



लागवडींच्या परिणामांवरची ही परिषद सिंधुदुर्गात भरते आहे, हे योग्यच झाले.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथल्याच दोडामार्गच्या डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, जांभूळ तोडून रबर उभे राहिले. पहिली काही वर्षे ओळींमधल्या जागेत अननस. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्के वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन. झाड कुठले, मालक कोण, हे पाहिले जात नाही. म्हणून जंगल गेले तरी नकाशा हिरवाच राहतो. रबराखाली मात्र रान वाढू देत नाहीत. गव्याला चारा नाही, धनेशाला ढोलीचे जुने झाड नाही. सह्याद्रीतून गोवा-कर्नाटकाकडे जाणारी वाघाची वाट याच पट्ट्यातली.

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्गच्या या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचा आदेश दिला. त्यासाठी झगडलेल्या कार्यकर्त्यांचे ऋण मोठे आहे.

पण इथले बरेचसे जंगल सरकारी नाही, लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. सामायिक जमीन, निम्मे हिस्सेदार मुंबईला, उत्पन्न जवळजवळ नाही. अशा घरी दलाल एकरकमी पैसा घेऊन आला की व्यवहार होतो. विकणाऱ्याला दोष द्यायला माझे मन तयार नाही. मात्र जमीन गेली की गुरांची वाट, सरपण, रतांबे, चिवारीचे कोंब सगळ्या वाडीचेच जातात. ज्यांची कागदावर सहीच नव्हती, त्यांचेही. त्याची किंमत खरेदीखतात कुठेच लागत नाही.

याच पट्ट्यातल्या बांबर्ड्याला दलदलीतले रानजायफळाचे जंगल गावाने देवाची राई म्हणून राखले. ती अवघी २.५९ हेक्टर जागा आज जैवविविधता वारसा स्थळ आहे. तिथे श्रद्धेने राखण झाली. खाजगी उतारावर जंगल राखणाऱ्या घराला वर्षाकाठी काय मिळणार, हे ठरल्याशिवाय उरलेलेही टिकणार नाही. या परिषदेने दुसरे काही केले नाही तरी चालेल, एवढे मात्र ठरवावे.

त्यासाठी एक आग्रहाची विनंती. पहिल्या सत्रात आम्ही व्यासपीठावरच्यांनी बोलणे आवरते घ्यावे. जमीन राखलेल्या आणि विकलेल्या, दोन्ही घरांतल्या माणसांना आधी बोलू द्यावे, त्यांच्या मालवणीत, हवा तेवढा वेळ.